नेपाळच्या घटनेचे पेढे

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. जगातल्या कुठल्याही भानगडीवर त्याच्याकडे कलम तयार असतं. मी अबू धाबीतल्या एका भारतीय शाळेत वीसहून जास्त वर्षं हा विषय शिकवते आहे, तेव्हा माझी खोड आता काही जायची नाही. वर्गातल्या अर्ध्या मुलांचा जन्म इथला. भारतात ती वर्षातून एकदा सुट्टीला जातात, आणि मी मात्र त्यांना प्रास्ताविकेतला एकेक शब्द असा समजावते, जणू उद्या सकाळी तो त्यांना भाजीत घालायला लागणार आहे. घरी नवरा म्हणतो, "हिला आमटीत मीठ जास्त पडलंय म्हटलं तरी ही मूलभूत हक्क काढते." तो चेष्टेनं म्हणतो, पण खोटं म्हणत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते मला कळत नव्हतं म्हणून झालं नाही. मला चांगलं कळत होतं.

तेव्हा आम्ही खलिफा सिटीत एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहायचो. नवरा रुवैसच्या रिफायनरीत. रविवारी सकाळी जायचा तो गुरुवारी संध्याकाळी उगवायचा. मुलगा पाचवीत, मुलगी तिसरीत. मी शाळेत. घर सांभाळायला आमच्याकडे एक नेपाळी बाई होती. मुलं तिला दीदी म्हणायची म्हणून आम्हीही दीदीच म्हणायचो. माझ्याहून ती चार वर्षांनी लहान.

ती एजन्सीतून आलेली नव्हती, गावाकडून आलेली होती. माझ्या सासरच्यांच्या कोकणात आंब्याच्या बागा आहेत, आणि त्या राखायला नेपाळहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. मोहोर धरल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागेतल्या खोपीत राहायचं, माकडं हाकायची, राखण करायची. दीदीचे आईवडील माझ्या चुलतसासऱ्यांच्या बागेत तसे होते, आणि ती नवव्या वर्षापासून तिथेच वाढली. तिचं कोकणी वळणाचं मराठी ऐकून अबू धाबीतले पुणेकर चाट पडायचे. बागेत मालकांच्या सुनांना वहिनी म्हणत, म्हणून मलाही ती पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणाली. मी पडले नाशिकची. आमटीत आमसूल किती घालायचं हे सासूनं नाही, दीदीनं मला शिकवलं.

तिला एक मुलगी होती. नेपाळच्या पश्चिम टोकाच्या एका जिल्ह्यात, मामाकडे राहायची. दर शुक्रवारी सकाळी माझ्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून दीदी तिच्याशी तासभर बोलायची, आणि बोलणं झालं की पदरानं पुसावं तसा ओढणीनं स्क्रीन पुसायची. मुलीचा बाप कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं. वारला असेल किंवा टाकून गेला असेल, असं मी माझं ठरवून मोकळी झाले होते.

मुलगी सोळाची झाली आणि प्रश्न आला. नेपाळात सोळाव्या वर्षी नागरिकतेचा दाखला काढतात. त्या कागदावाचून तिथे पान हलत नाही. पुढचं शिक्षण, नोकरी, बँक, पासपोर्ट, सगळं त्यावर. मुलीला नर्स व्हायचं होतं, आणि नर्सच्या परीक्षेला बसायलाही तो दाखला लागायचा. दीदीचा बेत पक्का होता. मुलगी शिकली की तिला इथे आणायची, एखाद्या हॉस्पिटलात लावायची, आणि मग स्वतः भांडी घासायची बंद करायची. मामा मुलीला घेऊन जिल्हा कचेरीत गेला. तिथल्या साहेबानं विचारलं, बापाची कागदपत्रं कुठे आहेत?

हे दीदीनं मला भेंडी चिरता चिरता सांगितलं.

"बाप भारतातला आहे म्हटलं भावानं. तर साहेब बोलला, मग त्याचा कागद आणा. नायतर लिहून द्या की बाप कोण ते माहीत नाय."

"मग दे लिहून," मी म्हटलं. मला ते सोपं वाटलं.

तिची सुरी थांबली. "माहीत कसा नाय, वहिनी? मी काय रस्त्यावरची आहे?"

आणि मग तिनं नाव सांगितलं. मी विळीवर बसले असते तर बोट कापून घेतलं असतं. तो माणूस तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे गणपतीला जेवून गेला होता.

तो नवऱ्याच्या गावचा, बागेला लागून असलेल्या वाडीतला. त्याला व्हिसा मिळवून दिला तो माझ्याच नवऱ्यानं. रुवैसमध्ये एका कंत्राटदाराकडे तो उंचावर काम करणाऱ्यांसाठी पाइपांची परांची बांधायचा. गावात बायको आणि दोन मुलगे. गणपतीला तो आला त्या दिवशी दीदी डोकं दुखतंय म्हणून खोलीचं दार लावून पडली होती, आणि ऐन गणपतीत अंग काढून घेतलं म्हणून मी तिच्यावर दोन दिवस धुसफुसत होते.

"दोन वर्षं होतो आम्ही," ती म्हणाली. "लगीन करतो बोललेला. घरच्यांनी त्याचं दुसरीकडे लावलं. मला दिवस गेलेले. आई मला घेऊन गावाला गेली, पोर तिथेच झाली." तिनं पुन्हा भेंडी चिरायला घेतली. "मला त्याचं काय नको, वहिनी. नाव नको, संसार नको. एका कागदावर सही पाहिजे, पोर माझी आहे आणि भारतात तिचा नागरिकतेचा कागद केला नाय म्हणून. आणि पासपोर्टची झेरॉक्स. तेवढ्यावर कचेरीतला साहेब अर्ज घेतो बोललाय. आपले साहेब सांगतील तर तो नाय म्हणणार नाय."

पाच वर्षांत तिनं आमच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.

गुरुवारी नवरा आला. त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग विषय काढला. तो ऐकत होता तसा त्याचा चेहरा साइटवर काहीतरी गळती लागल्यासारखा होत गेला.

"तुला कळतंय का तू काय बोलतेस? त्याची बायको माझ्या आत्याच्या घरातली आहे. गावात बोंब होईल. आणि इथे कुणाच्या कानावर गेलं तर? लग्नाशिवाय मूल. इथला कायदा तुला माहितीये ना? एचआरला कळलं की खलास, दोघांचाही व्हिसा कॅन्सल. त्याला मी आणलाय, तिला मी आणलंय. मला विचारतील."

"पण मुलीचं काय?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. तू टीचर आहेस ना, तू समजाव तिला."

मी भांडायला हवं होतं. मी पार्किंगवरून भांडते, शाळेत पेपर तपासायच्या मुदतीवरून भांडते. या नवऱ्याशी लग्नही मी घरी भांडूनच केलं. त्या दिवशी मात्र मी भांडले नाही, कारण मला एक फार सोयीची गोष्ट आठवली. नेपाळात नवी घटना लिहिली जात होती. राजा जाऊन प्रजासत्ताक आलं होतं, संविधान सभा बसली होती, आणि नागरिकता बापाच्या नावानं मिळते तशीच आईच्याही नावानं मिळावी म्हणून तिथल्या बायका जोरात भांडत होत्या. तसं होणार, असं मी त्याच आठवड्यात वाचलं होतं.

"आपण कशाला त्या माणसाच्या पाया पडायचं?" मी नवऱ्याला म्हटलं. "घटना झाली की आईचं नाव पुरेल."

"हे बेस्ट आहे," तो म्हणाला, आणि त्यानं दह्याची वाटी पुढे ओढली.

शनिवारी मी दीदीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. मुलाच्या रफ वहीचं पान फाडलं आणि त्यावर तिला चौकोन काढून दाखवले. ही सभा, या समित्या, हा मसुदा, मग मतदान, मग राष्ट्राध्यक्षांची सही. इथे नाकारलं तर परत इथे. मी उत्तम शिकवलं. "आणि मग तुझ्या मुलीला दाखला मिळेल तो तुझ्या नावावर," मी म्हटलं. "कुणाच्या उपकारावर नाही. स्वाभिमानानं." हा शब्द मी वापरला, मला पक्कं आठवतं.

ती त्या चौकोनांकडे बघत राहिली. तिच्या देशात काय चाललंय हे तिला माझ्याहून जास्त माहीत असणार, पण तिच्यासमोर आतापर्यंत कुणी ते असं मांडलं नव्हतं.

"किती दिवस लागतील?"

"मे महिन्यापर्यंतची मुदत आहे."

"मग थांबते," ती म्हणाली. पानाची घडी घातली आणि घेऊन गेली.

मला खरंच तसं वाटत होतं का? अर्धं वाटत होतं. उरलेल्या अर्ध्यात एक अवघड फोन टळल्याचा आनंद होता. घटनेवर माझी श्रद्धा आहे, ती खोटी नाही. पण त्या शनिवारी मी ती श्रद्धा पडद्यासारखी वापरली आणि पडद्यामागे आमच्या गावचा माणूस लपवला, याची मला लाज वाटते.

मे आला आणि मुदत वाढली. तीन महिन्यांनी, मग आणखी तीन, मग सहा. काठमांडूतले पुढारी एका शहाण्या गोष्टीवर एकत्र यायचे आणि चार नको त्या गोष्टींवर फुटायचे. राज्यं किती, त्यांच्या सीमा कुठे, निवडणूक कशी. मी रोज शाळेच्या स्टाफरूममध्ये बातम्या वाचायचे आणि घरी येऊन दीदीला सांगायचे. "होईल, इन्शाल्ला," असं ती म्हणायची. हा शब्द इथे 'नक्की होईल' पासून 'विसरा आता' पर्यंत कशालाही चालतो. एक दिवस सभाच बरखास्त झाली. नवी निवडणूक, नवी सभा, पुन्हा पहिल्यापासून. घोंगडं भिजतच पडलं.

"वहिनी, तुमच्या घटनेला किती वर्षं लागली?" तिनं एकदा विचारलं.

"तीनच्या आत."

"मग आमची माणसं जास्त हुशार असणार. सहा वर्षं झाली, अजून बोलायचं संपत नाय."

आम्ही दोघी हसलो. चपात्या लाटता लाटता आमचं हे असं बरं चाललेलं असायचं, आणि तिकडे मुलगी बारावी होऊन दाखल्यावाचून एका औषधांच्या दुकानात बसली होती. गोळ्यांची नावं पाठ करत होती. एका शुक्रवारी तिनं आम्हाला फोटो दाखवला. जिल्ह्याच्या गावी बायकांनी धरणं धरलं होतं, त्यात ती पहिल्या रांगेत उन्हात बसलेली, हातात पुठ्ठा, त्यावर आईच्या नावानं नागरिकता द्या असं लिहिलेलं. मी हरखून गेले. रविवारी शाळा उघडल्या उघडल्या आठवीच्या वर्गात ती गोष्ट सांगितली. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, देशाची घटना घडतेय आणि ती त्यासाठी रस्त्यावर बसली आहे, याला म्हणतात नागरिक. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, बट व्हाय डझन्ट शी जस्ट आस्क हर डॅड?"

"दॅट इज नॉट द पॉइंट," मी म्हटलं आणि पुढचा धडा घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याच हिवाळ्यात आम्ही एका वीकेंडला रुवैसला गेलो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी सेंडऑफ होता. परत निघताना नवरा म्हणाला, गावाहून आईनं पार्सल पाठवलंय, वाटेत घेऊ. पार्सल आणलं होतं दीदीच्या मुलीच्या बापानंच, सुट्टीवरून येताना. कामगारांच्या कॅम्पबाहेरच्या बकाल्याशी, म्हणजे किराणा दुकानाशी, तो आमची वाट बघत उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. हातात सुतळीनं बांधलेला खोका. आंबापोळी आणि कुळथाचं पीठ.

नवरा पाणी घ्यायला दुकानात गेला. मुलं गाडीत. बाहेर मी आणि तो.

"घरी सगळी बरी ना, वहिनी?"

"बरी."

"ती आहे ना अजून तुमच्याकडे? बागेतली. बरी आहे ना?"

"बरी आहे."

तो सुतळीची गाठ बोटानं चाचपत राहिला. "पोरगी आहे म्हणे तिला. मोठी झाली असेल."

मला आजही कळत नाही की याहून जास्त त्या माणसानं काय करायला हवं होतं. त्यानं दार उघडून धरलं होतं, आत पाय टाकायचं काम फक्त माझं होतं. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, सही हवी आहे रे तिला, एक सही आणि झेरॉक्स. त्याची झेरॉक्स तर त्याच दुकानात निघाली असती. काचेवर तशी पाटी होती, मी ती वाचली सुद्धा.

"हो, मोठी झाली," मी म्हटलं.

तेवढ्यात नवरा बाटल्या घेऊन बाहेर आला. "यल्ला, चला, नंतर ट्रॅफिक लागेल." मी गाडीत बसले. रुवैस ते खलिफा सिटी दोन तासांहून जास्तीचा रस्ता आहे, आणि सगळा सरळ आहे. तेवढा वेळ मी स्वतःला सांगत होते की आता नवी सभा बसली आहे, मसुदा जवळ आलाय, उगाच बिचाऱ्याला कशाला लाजवायचं, त्याची नोकरी, त्याची बायको. घरी दीदीनं खोका सोडला. "कोणी आणलं, वहिनी?" तिनं विचारलं. गावाहून आलं, मी म्हणाले. त्यानं तिची चौकशी केली होती, मुलीचीही केली होती, हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता.

पुढच्या वर्षी नेपाळात मोठा भूकंप झाला. दीदीचा जिल्हा लांब होता, तिकडे घरं उभी राहिली, पण त्या धक्क्यानं पुढारी हलले. इतकी वर्षं न जमलेलं काही महिन्यांत जमायला लागलं. मोठे पक्ष एकत्र आले, मसुदा आला. घाई झाली तशी भांडणंही पेटली. दक्षिणेच्या सखल भागातली माणसं म्हणत होती की या घटनेत आम्ही कुठे आहोत? दीदीचा जिल्हाही त्याच सखल पट्ट्यातला, तिथे माणसं मेली, संचारबंदी लागली, औषधांचं दुकान बंद झालं. मी मथळे वाचत होते. घटना होणार, घटना होणार. नागरिकतेचं कलम मसुद्यात शेवटी कसं उतरलंय, हे मी उघडून पाहिलं नाही. मुलांना मी सांगते, मूळ मजकूर वाचल्याशिवाय मत देऊ नका.

त्याच उन्हाळ्यात मुलीच्या बापाचं रुवैसचं काम संपलं. कंत्राटदारानं पन्नास-साठ माणसं एकदम परत पाठवली, त्यात तो होता. निरोपाचा फोन त्यानं नवऱ्याला केला, मग मला द्यायला सांगितला. "येतो, वहिनी. सांभाळून घेतलंत." मी म्हटलं, सुखरूप जा.

घटना जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे गणपती बसलेले होते. बातमी शाळेतच कळली. मी येताना पेढे घेतले, मोठा खोका. देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिलं आणि दीदीला हाक मारली. मुलगा म्हणाला, "मॉम, इज इट समवन्स बर्थडे?" मी म्हटलं, हो, एका देशाचा. मी फार खुशीत होते. नवऱ्याला रुवैसला फोन करून सांगितलं, बघ, म्हटलं होतं ना.

दीदीनं पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. "तिला फोन लावू, वहिनी?" ती म्हणाली. "तिनं सगळं वाचलंय."

मुलगी तिकडून बराच वेळ बोलली. दीदी हूं हूं करत होती. मी समोर उभी, तोंडभर हसू घेऊन. फोन ठेवून ती म्हणाली, "आई चालते, वहिनी. पण बाप परदेशातला असला तर आमच्यासारखा पक्का दाखला नाय. तसल्यांचा वेगळा, तो द्यायचा की नाय ते सरकार ठरवणार. आणि त्यालाही बापाचा कागद लागणार. नायतर लिहून द्या, बाप माहीत नाय."

"म्हणजे आधी होतं तेच?"

"तेच. आधी साहेब बोलत होता, आता घटनेत लिहिलं."

पेढा तिनं खाल्ला मग. देवापुढचा आहे, टाकू नये, म्हणाली. दुपारभर मी ते कलम वाचत बसले, पहिल्यांदा.

त्या आठवड्यात मी नवऱ्याशी भांडले, जवळजवळ पाच वर्षं उशिरा. त्यानंही आता नाही म्हटलं नाही. त्या माणसाला गावाला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. मागे कुकरची शिटी, बायकोचा आवाज, कोणाचा फोन आहो? नवऱ्यानं घसा साफ करून विषय काढला.

"कोण नेपाळी?" तो म्हणाला. "बागेत ढीगभर नेपाळी असतात, दादा. मला कसं ठाऊक?"

रुवैसला तो एकटा होता. गावात तो घरातला होता. एवढा साधा फरक मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

दीदीला मी सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. ओट्यावरचं फडकं पिळत तिनं एकच विचारलं, "रुवैसला होता तेव्हा विचारलं असतं तर?"

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. त्यानं उलट तिला दुःख झालं असतं, हे मी स्वतःला पुढे कितीतरी वेळा सांगितलं. खरं कारण एवढं चांगलं नव्हतं. ती माझ्या घरात राहत होती, रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवत होती, आणि तो चहा मला प्यायचा होता.

"तेव्हाही नाहीच म्हणाला असता," मी म्हटलं.

"मग बरं झालं नाय विचारलं ते," ती म्हणाली.

आणखी दोन वर्षांनी ती परत गेली. आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आलो, मुलं शिकायला बाहेर गेली. अधूनमधून फोन असायचा. मुलगी त्याच दुकानात, नर्सिंगचं वय निघून चाललेलं. तिथल्या सरकारांनी नागरिकतेचा कायदा एकदा आणला, एकदा अडकला, एकदा परत आला. मी बातम्या वाचायचे, पण आता तिला फोन करून समजावायचे नाही.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. दाखला मिळाला, म्हणाली.

"कसा?"

"दिला लिहून. बाप कोण ते माहीत नाय. मी सही केली, पोरीनं सही केली." मग म्हणाली, "पोर तिशीला आली, वहिनी. माझ्या अब्रूचं काय लोणचं घालायचंय आता?"

मग तिचा आवाज खाली आला. म्हणाली, एक काम आहे. लिहून दिलं ते खोटं निघालं तर शिक्षा आहे, आणि मिळालेला कागदही जाईल. पण पोर विचारत असते, कोण होता, कसा होता. तुमचा नंबर तिच्याकडे आहे. तिला सांगू नका. कुणालाच सांगू नका. तिनं मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली मी जवळजवळ पाच वर्षं टाळली, ही लगेच कबूल केली. म्हणून या लिहिण्यात कुणाचं नाव नाही, गावाचं नाही, जिल्ह्याचंही नाही.

आठ दिवसांनी मुलीचा फोन आला. नर्सिंग आता व्हायचं नाही, पण औषधांच्या दुकानाचं लायसन्स आपल्या नावावर काढतेय, असं ती आनंदानं सांगत होती. माझ्याशी ती हिंदीत बोलते, लहानपणी टीव्हीवरून शिकलेल्या. निरोप घेता घेता म्हणाली, "आंटी, एक बात पूछूँ? आप तो उस गाँव की बहू हैं. मेरे पापा को आपने कभी देखा था?"

"नहीं, बेटा," मी म्हटलं. "मैं नहीं जानती."

ती म्हणाली, "हाँ. मम्मी भी यही कहती हैं."